समिती येईपर्यंत

संसदेच्या लेखा समितीसमोर साक्ष देताना सचिव मागे वळून बघत नाहीत. त्यांच्या पाठीमागे खात्याचे अधिकारी मांडीवर फायली घेऊन बसलेले असतात. प्रश्न अडला की सचिवांचा हात खुर्चीच्या कडेने मागे येतो, तळवा उघडा, आणि ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने त्यात चिठ्ठी ठेवायची. समितीतल्या सगळ्यांना हे दिसतं आणि दिसल्याचं कुणी दाखवत नाही.

त्या सकाळी आरोग्य सचिवांचा हात डायलिसिसच्या यंत्रांवर मागे आला.

प्रकरण तसं मोठं नव्हतं. एका लहान शहरातल्या सरकारी रुग्णालयासाठी खात्याने दोन वर्षांपूर्वी आठ यंत्रं घेतली होती. आर्थिक वर्ष संपत आलं होतं, यंत्रसामग्रीसाठी मिळालेली रक्कम खर्च झाली नसती तर परत गेली असती, म्हणून घाईघाईने घेतली. यंत्रांना लागणारं शुद्ध पाणी मात्र यंत्रसामग्रीत मोडत नव्हतं. पाण्याचा प्लांट, त्याची टाकी, गच्चीवरून खाली येणारे पाइप हे सगळं बांधकाम, आणि बांधकामाला त्या वर्षी तरतूद नव्हती. यंत्रं आली, बसली, एक दिवस वीज जोडून त्यांचे दिवे लावले, फोटो काढला, आणि ‘कार्यान्वित’ असा शेरा घेऊन तो फोटो राजधानीत पोचला. लेखापरीक्षकांनी विचारलं तेव्हा खात्याने तेच कळवलं. पुढे समितीने विचारलं तेव्हाही तेच. खात्यात एक रीत आहे. एकदा दिलेल्या उत्तराशी विसंगत उत्तर द्यायचं नाही. द्यायचंच झालं तर आधीचं तसं का दिलं याचा खुलासा जोडावा लागतो, आणि तो खुलासा लिहायला कुणी बसत नाही.

सचिवांच्या मागे बसलेली उपसचिव या जागेवर येऊन वर्षही झालं नव्हतं. यंत्रं तिने घेतली नव्हती, फोटो तिने पाठवला नव्हता. पण यंदाचं उत्तर तिच्या सहीने गेलं होतं, आणि ते खोटं आहे हे सही करतानाच तिला माहीत होतं. त्याच शहरात तिची थोरली बहीण राहत होती. बहिणीचा नवरा दर सोमवारी आणि गुरुवारी बसने दुसऱ्या, मोठ्या शहरात जाऊन डायलिसिस करून येत होता.

तिने उघड्या तळव्यात आधीच्या उत्तराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली.

“कार्यान्वित आहेत,” सचिव म्हणाले. “समितीला यापूर्वीच तसं कळवलेलं आहे.”

समितीचे अध्यक्ष विरोधी पक्षाचे होते, तसा पायंडाच आहे. राजकारणात येण्यापूर्वी त्यांचे मालट्रक होते. त्यांची एक खोड सगळ्या खात्यांना ठाऊक होती. उत्तर पटलं नाही की आवाज न चढवता ते तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारत.

“यंत्रं चालतात का?”

“कार्यान्वित झालेली आहेत, सर.”

“यंत्रं चालतात का?”

“चालतात.”

मग बघूनच येऊ, असं अध्यक्ष म्हणाले. पुढच्या गुरुवारी त्याच बाजूला एका धरणाच्या कामाची पाहणी होती, वाटेत थांबता येण्यासारखं होतं. एका सदस्याने जेवणाची सोय कुठे असेल ते विचारलं. समिती पुढच्या विषयाकडे वळली.

सचिव वाईट गृहस्थ नव्हते. दुपारी त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार स्वतः उठून लावलं. गुरुवारच्या आत समितीला खरं काय ते कळवून टाकू, असं ती उभ्याउभ्याच म्हणाली. त्यांनी आधी तिला बसायला लावलं आणि मग एका दुसऱ्या रुग्णालयातल्या क्ष-किरण यंत्राची कहाणी सांगितली. तिथे खरं बाहेर आलं होतं. चौकशी लागली. पुराव्याला हात लागू नये म्हणून यंत्रासकट खोलीला सील ठोकलं. चौकशी अधिकारी निवृत्त झाले, दुसरे आले, त्यांची बदली झाली. यंत्राची हमी कधीच संपली.

“उंदरांनी वायरी खाल्ल्या, पण सील शाबूत आहे,” सचिव म्हणाले. “आता मला सांगा, खरं बोलून कुणाचं डायलिसिस होणार आहे?”

तिच्यापाशीही एक प्रश्न होता. यंत्रं कागदावर चालू आहेत. चालू असलेल्या यंत्रांसाठी पाण्याचा प्लांट मागायचा तो कोणत्या तोंडाने? इतके दिवस पाण्याशिवाय कशी चालली, असं वित्त विभाग पहिल्याच ओळीत विचारेल. दोन वर्षं कुणी तो प्रस्ताव पाठवला नव्हता, तो यामुळेच.

ते देखभाल-दुरुस्तीत बसवू, असं सचिव म्हणाले. समितीला यंत्रं चालू दिसू देत, प्रकरण निकाली निघू दे, मग वर्षभरात मी पाणी आणून दाखवतो, माझा शब्द. बदल्यांच्या यादीत त्यांचं नाव असल्याची कुजबुज चालू होती. ती दोघांनीही ऐकली होती आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

एकीकडे सील, दुसरीकडे शब्द. तिने शब्द घेतला. पाहणीच्या आदल्या दिवशी तिने पुढे जाऊन सगळं नीट लावून घ्यावं, असं ठरलं.

बुधवारी दुपारी तिने सरकारी गाडी विश्रामगृहावर सोडली आणि चालत बहिणीकडे गेली. भाऊजींचं केस कापायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. पूर्वी तिथे तीन खुर्च्या होत्या, आता एक उरली होती. डायलिसिसचा दिवस सोडून मधल्या दिवशी, तेही अंगात त्राण असेल तर, ते दुकान उघडत. आज उघडलं होतं. एका शाळकरी मुलीच्या बटा कापून झाल्या होत्या आणि ते खुर्ची झटकत होते. डायलिसिसच्या सुईसाठी मुद्दाम मोठी केलेली डाव्या मनगटावरची फुगलेली शीर लांबूनही दिसत होती.

“या, सरकार,” ते म्हणाले. “आज वाट वाकडी करून इकडे? समिती उद्या आहे ना?”

तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं.

“हजामाला विचारतेस? गावात कुणाचं काय शिजतंय ते आधी या खुर्चीत कळतं, मग त्याच्या घरी.”

आतून ताईचा आवाज आला नाही, हे तिच्या लक्षात आलं. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “यांचं नाव तू दिलंस?”

“कसलं नाव?”

मग हळूहळू कळलं. सोमवारी रात्री रुग्णालयाचे अधीक्षक स्वतः घरी येऊन गेले होते. आठ यंत्रांपाशी आठ पलंग, आठ पलंगांवर आठ माणसं हवी होती. शहरातून डायलिसिसला बाहेर जाणाऱ्यांतले आठ जण त्यांनी निवडले. गुरुवारी तिकडे न जाता इथेच यायचं, पांघरूण घेऊन पडून राहायचं, नळ्या नुसत्या चिकटवू, सुई कुणाला टोचणार नाही. समिती गेली की त्याच दुपारी सगळ्यांना रुग्णालयाच्या गाड्यांनी मोठ्या शहरात नेऊन डायलिसिस करून आणू. आणि यंत्रं चालू दिसली की वर्षाच्या आत इथे पाणी येईल. या सगळ्यात अधीक्षकांनी पहिलं नाव भाऊजींचं घेतलं होतं. मॅडमचे मेहुणे म्हणजे घरचाच माणूस, तोंड उघडायची भीती नाही, असा त्यांचा हिशेब.

आपण नाव दिलं नाही, हे तिने सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. पटल्यासारखं काही दिसलं नाही.

“भाऊजी, तुम्ही उद्या जाऊ नका,” ती म्हणाली. “नेहमीच्या बसने जा. मी अधीक्षकांना सांगते.”

“मी नाही गेलो तर बाकीचे सात काय समजतील? मॅडमच्या घरच्यांचाच विश्वास नाही.” ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांना दिवसाला मोजून दोन पेले पाणी चालत असे. त्यातला अर्धा पेला त्यांनी हातात धरला होता आणि ते तो पीत नव्हते. “तसं यात नवीन काय आहे? दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाईक नसायचं. मग मी ओळखीच्या कुणाला तरी खुर्चीत बसवून नुसती कात्री वाजवायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, चालतंय दुकान. उद्या कात्री तुमची, गिऱ्हाईक मी.”

ताई म्हणाली, “तुमच्या कात्रीने कुणाचा जीव जात नव्हता.”

त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “मला एकच सांग, धाकटे. मी उद्या तिथे झोपलो तर पाणी येईल का?”

“साहेब म्हणाले, येईल.”

“साहेबांना मी ओळखत नाही. तू काय म्हणतेस?”

भाऊजींनी पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि बाकीचं पाणी झाकून ठेवलं. बघू, असं म्हणून ते पुन्हा दुकानात गेले.

गुरुवारी सकाळी रुग्णालय ओळखू येत नव्हतं. पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या होत्या, त्या समोरच्या बँकेतून दिवसापुरत्या मागून आणलेल्या. फाटक रंगवलं होतं आणि रंग ओला होता, म्हणून येणारे-जाणारे अंग चोरून आत शिरत होते. दाराशी एक रुग्णवाहिका धुऊन पुसून उभी केली होती. समितीने बघेपर्यंत ती जागची हलवायची नाही, असं चालकाला बजावलं होतं.

डायलिसिसच्या खोलीत आठही यंत्रांचे दिवे लागले होते. नळ्यांमध्ये लाल रंगाचं पाणी भरावं, अशी कल्पना अधीक्षकांनी काढली होती. तसं करायचं असेल तर तुम्हीच करा, असं वॉर्डच्या मुख्य परिचारिकेने त्यांना सांगितलं, तेव्हा ती कल्पना बारगळली आणि नळ्या पांघरुणाखाली दडवायचं ठरलं. भाऊजी दाराजवळच्या पलंगावर होते. शेजारच्या पलंगावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिकाबाई होत्या, अंगाने काडी पण आवाज अजून वर्ग शांत करणारा. ओळख करून दिल्यावर त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “म्हणजे शब्द तुम्ही दिलाय?”

“खात्याने दिलाय.”

“खातं आजारी पडलं तर कुठे जातं, ते आम्हाला कळवा,” बाई म्हणाल्या, आणि दोन-तीन पलंगांवरून हसण्याचा आवाज आला.

समिती जेवणाच्या आधी यायची होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा निरोप आला की धरणावर उशीर होतो आहे. मग निरोप आला की तिथेच जेवण होईल. मग निघताहेत, असा आला. तो निघताहेतचा निरोप तीनदा आला. पलंगावरून कुणी उठायचं नाही, चादरी चुरगळतात, असं अधीक्षक दर थोड्या वेळाने सांगून जात होते. ताई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. आत यायला तिला मनाई नव्हती, पण ती येत नव्हती.

भाऊजींचं बोलणं आधी थांबलं. सकाळी ते सगळ्यांची फिरकी घेत होते, अधीक्षकांच्या मानेवरचे केस कुणी कापले म्हणून चौकशी करत होते. दुपार उलटली तसे ते गप्प झाले आणि उशीला टेकून बसू लागले. मुख्य परिचारिकेने न बोलता पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली. थोड्या वेळाने आणखी उचलली. पायांवरचं पांघरूण काढलं तर घोट्यांच्या जागी घोटे दिसत नव्हते.

“भाऊजी, त्रास होतोय?”

“नाही,” ते म्हणाले, आणि त्या एका शब्दासाठी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

परिचारिका तिला खोलीबाहेर घेऊन गेली. पेशंट सोमवारपासून तुंबलेला आहे, असं तिने सांगितलं, पाणी फुप्फुसात चढायला लागलं आहे. मोठ्या शहरात शेवटची पाळी संध्याकाळी लागते. आत्ता निघाले तर पोचतील.

“आणि नाही निघाले तर?”

“मग उद्या सकाळी,” परिचारिका म्हणाली. ती काचेतून आत दिवे लागलेल्या यंत्रांकडे बघत राहिली.

अधीक्षकांना घाम फुटला होता. गाड्या पुलावरून पुढे आल्यात, दहा मिनिटांत पोचतील, असा आत्ताच फोन आला आहे, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते. एवढा दिवस थांबलो, दहा मिनिटांनी काय होतंय? दाराजवळचाच पलंग रिकामा दिसला तर आत शिरताच पहिला प्रश्न तो येईल. तिने सचिवांना फोन लावला. ते समितीच्याच गाडीत होते, म्हणून हळू बोलत होते. आलोच, म्हणाले.

“सर, मी एका पेशंटला पाठवतेय.”

“आलोच आम्ही,” सचिव पुन्हा म्हणाले.

तिने फोन ठेवला, चाकांची खुर्ची मागवली आणि चालकाला गाडी सुरू करायला सांगितलं. त्याने अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी कुंड्यांकडे पाहिलं. ताई बाकावरून उठली होती आणि नवऱ्याच्या चपला हातात घेऊन गाडीत चढली होती. मग चालकही चढला.

फाटक अरुंद होतं. रुग्णवाहिका फाटकात पोचली तेव्हा समोरून समितीच्या गाड्या आत वळत होत्या, एकामागे एक, रस्ता अडवून. कुणालाच पुढे जाता येईना. चालकाने भोंगा लावला आणि मग घाबरून बंद केला.

पहिल्या गाडीतून अध्यक्ष उतरले. ओल्या रंगाला हात लागला, तो त्यांनी रुमालाला पुसला, आणि ते चालत रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराशी आले. उपसचिव तिथेच उभी होती. आत भाऊजी ताईच्या खांद्यावर डोकं टाकून बसले होते, तोंड उघडं, ओठांचा रंग गेलेला. मनगटाची शीर पांघरुणाबाहेर होती. त्या शिरेचा अर्थ अध्यक्षांना कळला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी सगळं पाहून घेतलं.

“कुठे नेताय यांना?”

तिने मोठ्या शहराचं नाव सांगितलं.

“कशाला?”

“डायलिसिसला.”

सचिव तोवर मागून येऊन पोचले होते. त्यांनी क्षणभरही वाया घालवला नाही. गंभीर केस दिसते, सर, असं ते म्हणाले, अशा केस आपण वरच्या केंद्राकडेच पाठवतो, नियमच आहे तसा. बोलताना ते तिच्याकडे बघत होते, रागाने नव्हे, बुडणाऱ्याला दोर टाकावा तसे. हो म्हटलं असतं तर गाडी तशीही सुटणार होती. भाऊजी वेळेत पोचले असते. आतल्या सात जणांनी पांघरुणं ओढून घेतली असती, समितीने दिवे पाहिले असते आणि अंधार पडायच्या आत सगळे परतीच्या वाटेला लागले असते.

अध्यक्षांनी तिलाच विचारलं. “इथे डायलिसिस होतं का?”

तिने सचिवांकडे पाहिलं.

“इथे डायलिसिस होतं का?”

“नाही,” ती म्हणाली. “यंत्रांना पाणी नाही. कधीच नव्हतं. यंदाचं उत्तर माझ्या सहीचं आहे आणि ते खोटं आहे. आत सात माणसं अशीच झोपवून ठेवली आहेत, त्यांचंही आजचं डायलिसिस चुकलंय. आधी गाड्या मागे घ्या.”

सचिवांनी मान खाली घातली. अध्यक्ष वळले, फाटकाबाहेर रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि हात वर करून एकेका गाडीला मागे घेऊ लागले. थोडं डावीकडे, अजून, बस. जन्मभर हेच काम केलेल्या माणसासारखे ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, आणि रुग्णवाहिका गेल्यानंतरही थोडा वेळ तिथेच होते.

नंतर ते डायलिसिसच्या खोलीत गेले. पांघरुणं त्यांनी उचलली नाहीत, फक्त सगळ्यांना उठून बसायला सांगितलं. खोलीत कुणी रडलं-ओरडलं नाही. चादरींचा आवाज झाला तेवढाच. निवृत्त शिक्षिकाबाईंनी दंडावरची चिकटपट्टी ओढून काढली आणि अध्यक्षांना विचारलं, “आमच्या पाण्याचं काय?”

समिती शिफारस करते, असं अध्यक्ष म्हणाले. अंमलबजावणी खात्याने करायची असते.

“म्हणजे पुन्हा यांनीच?” बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

सातही जणांना समितीच्याच गाड्यांमधून मोठ्या शहरात पाठवावं, असं अध्यक्षांनी सांगितलं, आणि तसे ते गेले. शेवटच्या पाळीत तिघांनाच जागा मिळाली. बाकीच्यांना रात्र तिथल्या व्हरांड्यात काढावी लागली. भाऊजींना जागा मिळाली होती.

पुढचं सगळं सचिवांनी सांगितलं होतं तसंच घडलं. समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेला, वर्तमानपत्रांत दोन दिवस चालला. चौकशी नेमली गेली आणि डायलिसिसच्या खोलीला सील लागलं. सील लावण्याचा आदेश सचिवांच्या सहीने निघाला. दुसरं काही करणं त्यांना शक्य नव्हतं आणि त्यांनी तसं तिला बोलावून सांगितलंही. तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. निलंबनाचा आदेश निघण्याआधीच्या दिवसांत तिने पाण्याच्या प्लांटचा प्रस्ताव तयार केला. आता तो लिहिता येत होता, कारण यंत्रं चालत नाहीत हे आता खात्यालाच मान्य होतं. सील खोलीला आहे आणि प्लांट गच्चीवर बसतो, गच्चीला कुणी सील लावलेलं नाही, असं तिने टिपणीत स्वच्छ लिहिलं. सचिवांनी टिपणी दोनदा वाचली. चौकशी चालू असताना त्याच कामावर नवा खर्च दाखवला तर उद्या समितीसमोर कोण उभं राहणार, असं त्यांनी विचारलं. फाइल त्यांनी नाकारली नाही. सहीही केली नाही. ठेवून घेतली.

निलंबनानंतरच्या पहिल्या सोमवारी ती ताईकडे होती. ताईचे गुडघे धरले होते, म्हणून भाऊजींबरोबर बसने कोण जाणार हा प्रश्न होता. मी जाते, असं ती म्हणाली. ताई नको म्हणाली नाही. त्या गुरुवारनंतर बहिणींचं बोलणं कामापुरतंच होत होतं. ते दोघींनाही समजत होतं आणि बाजूला सारता येत नव्हतं.

बस अर्धी रिकामी होती. भाऊजी खिडकीशी बसले. मागच्या सीटवर शिक्षिकाबाई होत्या, त्यांच्या पलीकडे त्या दिवशीच्या आठांतले आणखी दोघं. भाऊजींनी वातावरण सैल करायचा प्रयत्न केला. “आज सरकार स्वतः तिकीट काढून आलंय,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

बस शहराबाहेर पडल्यावर शिक्षिकाबाई बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू येईल इतका होता.

“तुमच्या घरचा माणूस धाप लागून पडला म्हणून तुम्हाला खरं सुचलं. तो ठणठणीत असता तर आम्हाला अंधार पडेपर्यंत झोपवून ठेवलं असतंत.”

“हो,” ती म्हणाली. “बहुतेक ठेवलं असतं.”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

बाईंना बहुधा नाहीची अपेक्षा होती. मग प्रस्तावाचं त्यांनी विचारलं. दुकानात, खुर्चीत, ही बातमी आधीच पोचलेली असणार. प्रस्ताव गेला आहे, सही झालेली नाही, असं तिने सांगितलं. कधी होईल, तर ते सांगता येत नाही.

“आता तुमच्या जागेवर कोण आहे?”

“एक नवीन बाई आल्यात.”

“नंबर द्या त्यांचा.”

ती थबकली. अधिकाऱ्याचा स्वतःचा नंबर बाहेर द्यायचा नाही, हे इतकी वर्षं अंगवळणी पडलं होतं. मग तिने पर्समधून फोन काढला आणि एकेक आकडा वाचला. बाईंनी तो लिहून घेतला, चुकला तर नाही ना म्हणून वाचून दाखवला. पलीकडचे दोघं पुढे वाकले. एकाने पुन्हा सांगा म्हटलं. दुसऱ्याचा चष्मा घरी राहिला होता, त्याच्या फोनमध्ये बाईंनी तो भरून दिला. पुढून कंडक्टर तिकिटं फाडत येत होता. भाऊजींनी खिशातून आपला फोन काढून तिच्यासमोर धरला.

“माझ्यातही टाक,” ते म्हणाले. “आणि सचिवांचाही दे.”